दोन राज्ये सांभाळणारी चांदबिबी



आपल्याला चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. त्यात निजामशाही आणि आदिलशाही ही नावे सारखी येतात. महाराजांचे आजोबा मालोजीराजे हे निजामशाहीत सरदार होते, हे आपण शिकलो आहोत. पण महाराजांच्या जन्माच्या तीस वर्षे आधीपर्यंत याच दोन राज्यांत एक मोठी बाई होऊन गेली. ती निजामशाहीची लेक होती आणि आदिलशाहीची सून होती. सासरचे राज्यही तिने सांभाळले आणि माहेरचेही सांभाळले. तिचे नाव चांदबिबी. तिची माहिती मी इथे देत आहे.

जन्म आणि माहेर

चांदबिबीचा जन्म इ. स. १५५० च्या सुमारास झाला. तिचे माहेर अहमदनगर. या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण गोष्ट त्या काळातली आहे म्हणून मी अहमदनगर असेच लिहिते. तिच्या वडिलांचे नाव हुसेन निजामशहा आणि आईचे नाव खुंझा हुमायून.

त्या काळी दख्खनमध्ये पाच सुलतान होते. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बिदरची बरीदशाही आणि वऱ्हाडची इमादशाही. ही पाचही राज्ये आधी एकाच बहमनी राज्यात होती. ते राज्य मोडले आणि वाटण्या झाल्या. वाटण्या झाल्यावर भाऊभाऊ जसे बांधावरून भांडतात तसे हे सुलतान भांडायचे. आज याची त्याच्याशी दोस्ती, तर उद्या दुसऱ्याशी. दक्षिणेला विजयनगरचे फार मोठे राज्य होते. तिथला कारभार रामराया बघत होता. हे सुलतान आपसात भांडायचे आणि कोणीतरी रामरायाला मदतीला बोलवायचे. एकदा विजापूरचा अली आदिलशहा आणि रामराया दोघे मिळून अहमदनगरवर चालून आले. त्यांनी मुलखाची फार नासधूस केली. तेव्हा चांदबिबी लहान होती. अहमदनगरचा कोट आधी मातीचा होता. हुसेन निजामशहाने तो दगडी बांधून काढला. भोवती खोल खंदक केला. हा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, म्हणून त्याला भुईकोट म्हणतात. हा कोट लक्षात ठेवा. पुढे लेकीने बापाच्या याच भिंतीवर उभे राहून लढाई केली.

चांदबिबी फार हुशार होती. तिला अरबी, फारसी, तुर्की, मराठी आणि कानडी अशा पाच भाषा येत होत्या, असे सांगतात. ती सतार वाजवायची आणि फुलांची चित्रे काढायची म्हणतात. घोड्यावर बसणे, तलवार चालवणे, हातावर ससाणा घेऊन शिकारीला जाणे हेही तिला आवडायचे. ससाणा हातावर घेतलेली चांदबिबी अशी जुनी चित्रे आहेत.

लग्न म्हणजे तह

पुढे अलीचे आणि रामरायाचे बिनसले. सगळ्या सुलतानांना कळून चुकले की आपण एक झालो नाही तर आपले काही खरे नाही. पण एकमेकांवर विश्वास कसा ठेवायचा? मग त्यांनी लग्ने ठरवली. १५६४ च्या सुमारास हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली. आणि अलीची बहीण निजामशहाच्या मुलाला, म्हणजे चांदबिबीचा भाऊ मुर्तजा याला केली. याला आपल्याकडे साटेलोटे म्हणतात. एका घरची लेक त्या घरात आणि त्या घरची लेक या घरात. मग कोणी कोणाला दगा देत नाही, असे मोठ्या माणसांना वाटते.

या लग्नात सोलापूरचा किल्ला अली आदिलशहाला आंदण दिला. याची पण एक गंमत आहे. चांदबिबीचे आजोबा बुऱ्हाण निजामशहा यांनी विजापूरच्या मुलीशी लग्न केले होते. तेव्हा विजापूरकरांनी सोलापूर देऊ असे कबूल केले आणि दिलेच नाही. त्यावरून दोन्ही राज्यांत चाळीस वर्षे लढाया झाल्या. किती माणसे मेली असतील! शेवटी तोच किल्ला चांदबिबीच्या लग्नात विजापूरला गेला. म्हणजे एका लग्नाने भांडण लागले होते आणि दुसऱ्या लग्नाने ते मिटले.

चांदबिबी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेल. आपल्या शाळेतल्या आठवी-नववीच्या ताईएवढी. ज्याची फौज आपल्या गावावर चालून आली होती त्याच्याच घरी तिला नांदायला पाठवले. तिला कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही. आता मुलगी अठरा वर्षांची झाल्याशिवाय तिचे लग्न करता येत नाही, तसा कायदा आहे. तेव्हा तसे काही नव्हते.

जानेवारी १५६५ मध्ये सुलतानांनी मिळून विजयनगरशी लढाई केली. ती तालिकोटची लढाई. त्यात रामराया मारला गेला. ज्या कामासाठी लग्न केले होते ते काम झाले. त्याच वर्षी चांदबिबीचे वडील वारले. भाऊ मुर्तजा लहान होता म्हणून तिची आई खुंझा हुमायून काही वर्षे राज्यकारभार बघत होती. पण पुढे मुर्तजाने आपल्या आईलाच कैद केले. हे सगळे चांदबिबीला सासरी कळले असणारच. राज्य करणाऱ्या बाईवर काय पाळी येते हे तिला तेव्हाच समजले असेल.

सासरचे राज्य

सासरी मात्र चांदबिबीचे चांगले झाले. अली आदिलशहा तिला मान देत होता. ती त्याच्याबरोबर घोड्यावर बसून स्वारीला जायची. विजापुरात चांद बावडी नावाचा एक मोठा बारव आहे. तो अली आदिलशहाने बांधला आणि त्याला चांदबिबीचे नाव दिले. विजयनगर पडल्यावर तिकडचे पुष्कळ लोक विजापुरात राहायला आले होते, त्यांना पाणी पाहिजे होते. राजवाड्याला नाव देण्यापेक्षा पाण्याला नाव दिले हे मला फार आवडले. पाण्याची किंमत आपल्याला माहीतच आहे. विजापूरला आता विजयपूर म्हणतात, ते कर्नाटकात आहे.

१५८० साली अली आदिलशहाचा खून झाला. चांदबिबीला मूलबाळ नव्हते. मग अलीचा पुतण्या इब्राहिम याला गादीवर बसवले. तो अवघा नऊ वर्षांचा होता. म्हणजे आपल्याहून एक वर्षाने लहान! नऊ वर्षांचा मुलगा काय राज्य करणार? त्याला सांभाळायचे आणि शिकवायचे काम चांदबिबीकडे आले आणि कारभार कामिलखान नावाचा सरदार बघू लागला. थोड्याच दिवसांत कामिलखान माजला. तो चांदबिबीचाही मान ठेवीना. तेव्हा चांदबिबीने किश्वरखान नावाच्या दुसऱ्या सरदाराला हाताशी धरले आणि कामिलखानाचा काटा काढला.

पण किश्वरखान त्याच्याहून वाईट निघाला. त्याने चांदबिबीलाच कैद केले आणि साताऱ्याच्या किल्ल्यावर नेऊन ठेवले. हाच तो अजिंक्यतारा. कालची राणी आज कैदी झाली. पण विजापूरच्या लोकांना आणि सरदारांना हे पटले नाही. सगळे किश्वरखानावर उठले. तो पळून गेला आणि पुढे गोवळकोंड्याला मारला गेला. चांदबिबी सुटली आणि परत विजापूरला आली.

याच सुमारास विजापुरात भांडणे चालली आहेत हे बघून शेजारच्या राज्यांच्या फौजा चालून आल्या. एक गोवळकोंड्याची आणि दुसरी कोणाची? अहमदनगरची! म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची. जे साटेलोटे केले होते ते कुठे गेले? चांदबिबी आता काय करणार? ती सासरच्या बाजूने उभी राहिली. नऊ-दहा वर्षांचा राजा तिच्या भरवशावर होता. विजापूर काही पडले नाही. वेढा घालणारे कंटाळून निघून गेले.

हा इब्राहिम पुढे मोठा चांगला राजा झाला. त्याला गाण्याची फार आवड होती. लहानपणी चांदबिबीसारखी काकू मिळाली म्हणून तो नीट वाढला असे मला वाटते.

परत माहेरी

१५८४ च्या सुमारास इब्राहिमच्या बहिणीचे लग्न अहमदनगरच्या राजपुत्राशी ठरले. पुन्हा तसेच तहाचे लग्न. त्या नवरीबरोबर चांदबिबी माहेरी आली. वीस वर्षांपूर्वी ती स्वतः अशीच गेली होती.

माहेरी काही चांगले चालले नव्हते. १५८८ साली तिचा भाऊ मुर्तजा याला त्याच्याच मुलाने मारले. पुढच्या वर्षी तो मुलगाही मारला गेला. सात-आठ वर्षांत किती राजे झाले ते मोजायला दोन्ही हात लागतील की काय असे वाटते. १५९५ साली तिचा भाचा इब्राहिम निजामशहा लढाईत पडला. ती लढाई कोणाशी? विजापूरशी. म्हणजे चांदबिबीच्या सासरच्या फौजेने तिच्या माहेरचा राजा मारला. दोन्हीकडून दुःख तिलाच.

आता गादीवर कोण बसणार? मिया मंजू नावाच्या सरदाराने अहमद नावाचा एक मुलगा गादीवर बसवला. पण तो राजघराण्यातला नाही असे निघाले. हबशी सरदारांनी आपला दुसराच मुलगा आणला. चांदबिबी म्हणत होती की मेलेल्या राजाचा मुलगा बहादूर हाच खरा वारस. बहादूर तर तान्हा होता आणि त्याला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात अडकवून ठेवले होते. तो तिच्या भावाचा नातू, म्हणजे तिचाही नातूच.

भांडणात आपण हरू असे वाटून मिया मंजूने फार वाईट काम केले. त्याने गुजरातेत असलेल्या अकबर बादशहाच्या मुलाला, मुरादला मदतीला बोलावले. मुघलांना तेच पाहिजे होते. घरातल्या भांडणात दुसऱ्याला बोलावले की तो घरच घेतो. मिया मंजूला मागून पस्तावा झाला, पण तोवर मुघल निघाले होते. मग किल्ला चांदबिबीच्या हवाली करून तो मदत आणायला निघून गेला.

अहमदनगरचा वेढा

डिसेंबर १५९५ मध्ये मुघलांनी अहमदनगरला वेढा घातला. मुरादबरोबर अब्दुर्रहीम खानखाना होता. ज्यांचे हिंदी दोहे प्रसिद्ध आहेत ते रहीम कवी म्हणजे हेच. चांदबिबी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती. तिने विजापूरच्या इब्राहिमला आणि गोवळकोंड्याला पत्रे पाठवली. काही महिन्यांपूर्वीच विजापूरने तिचा भाचा मारला होता, पण तिने तो राग बाजूला ठेवला. आधी मुघल परतवायचे, बाकीचे नंतर. आणि इब्राहिमही काकूला विसरला नाही. त्याने सुहेलखानाबरोबर फौज पाठवली. गोवळकोंड्याचीही फौज निघाली.

पण फौज लांब होती आणि मुघल दाराशी होते. मुघलांनी तटाच्या खाली भुयारे खणून सुरुंग पेरले. विहीर खणताना सुरुंगाची दारू भरून खडक उडवतात ते आपण बघितले आहे. तशीच दारू त्यांनी तटाखाली भरली. पण मुघलांच्या छावणीतल्या एका माणसाला वाईट वाटले. त्याने रात्री गुपचूप येऊन किल्ल्यातल्या लोकांना ती जागा सांगितली. चांदबिबीच्या माणसांनी रातोरात खणून काही सुरुंग शोधले आणि त्यातली दारू काढून टाकली. एका ठिकाणचे काम चालूच होते, तेवढ्यात मुघलांनी बत्ती दिली. मोठा धडाका झाला. तटाची भिंत उडाली आणि मोठे खिंडार पडले. किल्ल्यातले लोक घाबरून पळू लागले.

तेव्हा चांदबिबी महालातून धावत आली. अंगात चिलखत, तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार. ती खिंडारात जाऊन उभी राहिली. तिला बघून पळणारे शिपाई लाजले आणि मागे फिरले. मुघल सारखे चढून येत होते आणि हे त्यांना खाली ढकलत होते. खंदक मुडद्यांनी भरला. असे सांगतात की तोफेचे गोळे संपले तेव्हा चांदबिबीने तांब्याची नाणी तोफेत भरायला लावली. ती संपली तेव्हा चांदीची, मग सोन्याची. संध्याकाळपर्यंत लढाई चालली, पण मुघलांना आत येता आले नाही.

खरे काम तर पुढे आहे. रात्र झाली तरी चांदबिबी घोड्यावरून उतरली नाही. सगळ्यांना कामाला लावून तिने ते खिंडार रातोरात भरून काढायला लावले. पावसात बांध फुटल्यावर सगळे गाव जसे दगडमाती आणून टाकते तसे. सकाळी मुघल बघतात तो काय, भिंत पुन्हा उभी! शत्रूनेही तिचे नवल केले. तेव्हापासून लोक तिला चांदबिबी न म्हणता चांदसुलताना म्हणू लागले.

मुघलांच्या छावणीत दाणा-वैरण मिळेना. मुराद आणि खानखाना यांचे पटत नव्हते. वरून विजापूरची फौज जवळ येत होती. किल्ल्यातही धान्य कमी पडत होते. म्हणून १५९६ च्या सुरुवातीला दोघांनी तह केला. वऱ्हाड मुघलांना दिले आणि बहादूरला अहमदनगरचा राजा मानले. वऱ्हाड म्हणजे लग्नाचे वऱ्हाड नव्हे. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा सगळा वऱ्हाड प्रांत. तो निजामशाहीने १५७४ साली जिंकला होता. तो गेला, पण राज्य वाचले. चावंडच्या किल्ल्यातून बाळ बहादूरला आणून गादीवर बसवले आणि चांदबिबी त्याच्या नावाने कारभार बघू लागली.

घरातला घाव

पण मित्रहो, बाहेरच्या शत्रूपेक्षा घरातली फूट वाईट. चांदबिबीने ज्याला मुख्य वजीर केले तोच उलटला. त्याने मुघलांशी संधान बांधले. त्याला काढून अभंगखान नावाच्या हबशी सरदाराला कारभार दिला, तर तोही तिच्याशी भांडू लागला. इकडे मुघल काही गप्प बसले नव्हते. १५९७ साली गोदावरीकाठी मोठी लढाई झाली. त्यात सुहेलखानाच्या दख्खनी फौजेचा पराभव झाला. १५९९ साली मुराद वारला, तेव्हा अकबराने दुसरा मुलगा दानियाल याला पाठवले. मुघल चालून आले तेव्हा अभंगखान न लढताच जुन्नरकडे निघून गेला.

आता चांदबिबी किल्ल्यात एकटी पडली. तिने विचार केला. मदतीला कोणी येणार नाही. सरदार एकमेकांचे ऐकत नाहीत. लढलो तर किल्ला पडेल आणि सगळे मरतील. त्यापेक्षा किल्ला मुघलांना द्यावा आणि त्या बदल्यात आतल्या लोकांचा जीव वाचवावा, राजाला घेऊन जुन्नरला जावे. तिने हा विचार किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याला सांगितला. त्याने बाहेर जाऊन कंडी पिकवली की चांदबिबी फितूर झाली, ती मुघलांना किल्ला विकत आहे. लोकांनी पुढचेमागचे काही बघितले नाही. हमीदखान नावाचा सरदार शिपाई घेऊन तिच्या महालात घुसला आणि त्यांनी तिला ठार मारले. हे १६०० साली झाले. ज्या शिपायांना तिने खिंडारात धीर दिला होता त्यांच्यातलेच काही त्यात असतील. फार वाईट वाटते.

तिला मारून काय मिळाले? काहीच नाही. ऑगस्ट १६०० मध्ये मुघलांनी सुरुंगाने तट उडवला आणि किल्ला घेतला. आत पुष्कळ कत्तल झाली. बाळ बहादूरला धरून नेले आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. चांदबिबी जे टाळत होती तेच सगळे झाले. पुढे मलिक अंबर या हबशी सरदाराने निजामशाही पुन्हा उभी केली आणि १६२६ पर्यंत मुघलांशी टक्कर दिली.

थोडी आणखी माहिती

अहिल्यानगरच्या पूर्वेला डोंगरावर एक तीन मजली, अष्टकोनी इमारत आहे. तिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. पण तो चांदबिबीचा महाल नाही. ती सलाबतखान नावाच्या वजिराची कबर आहे. लोकांना चांदबिबी इतकी आवडली की त्यांनी दुसऱ्याची इमारतही तिच्या नावावर केली.

१९४२ साली इंग्रजांनी पंडित नेहरूंना याच भुईकोट किल्ल्यात कैदेत ठेवले होते. तिथे त्यांनी भारताचा शोध घेणारे प्रसिद्ध पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी चांदबिबीची आठवण काढली आहे.

बोध

काही जण म्हणतात की चांदबिबी आधी शूर होती आणि शेवटी घाबरली. मला तसे वाटत नाही. १५९६ साली लढणे शहाणपणाचे होते तेव्हा ती लढली. १६०० साली माणसे वाचवणे शहाणपणाचे होते तेव्हा ती माणसे वाचवायला निघाली. दोन्हीला धीरच लागतो. तिचे लग्न तिला न विचारता तहासाठी केले होते. पण तह करणारे तो तह विसरले आणि तिने एकटीने तो जन्मभर पाळला. सासरचे पोर आणि माहेरचे पोर, दोन्ही तिने आपलेच मानले.

आपण यातून दोन गोष्टी घेऊ. आपसात भांडू नये आणि भांडलो तरी तिसऱ्याला आत घेऊ नये. आणि कोणाबद्दल वाईट ऐकले तर आधी त्याला जाऊन विचारावे. दगडाची भिंत रातोरात बांधता येते, पण अफवेने गेलेले माणूस परत येत नाही.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी